अर्धी पळी तेल

“अर्धीच? आई, अर्धीच पळी?”

बोलून गेले मी. आणि बोलल्याबरोबर माझाच आवाज माझ्या कानात वाजला, कारण कहाणी चालू होती, आणि कहाणी चालू असताना कोणी बोलत नाही. हूं म्हणायचं, बस. मुठीत अक्षता धरायच्या, सांगणारीच्या तोंडाकडे बघायचं आणि वाक्य संपलं की हूं. खोकला आला तरी पदर तोंडात कोंबायचा. हे मला नवीन नव्हतं, लग्न होऊन आले तेव्हापासून दर श्रावणात मी त्याच कोपऱ्यात दिव्याजवळ बसत होते. आणि आता चाळीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघतायत, कोणाचा हूं अर्धा तोंडात, कोणाची मूठ सुटून तांदूळ लादीवर सांडलेले, आणि माझ्या सासूबाई पुढचा शब्द जिभेवर घेऊन तशाच थांबलेल्या. माझी लेक पिंकी मांडीवर होती. तीसुद्धा बोट चोखायची थांबली.

“मोडलंस गो,” सासूबाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “कहाणी मोडलंस.”

“नाही आई, मी फक्त... सांगा ना पुढे, माझं चुकलं, सांगा ना.”

“मोडलेली कहाणी फुडे जाणा नाय.” त्या उठल्या. मुठीतले तांदूळ जिवतीच्या चित्रापुढे ठेवले आणि मोरीत जाऊन पाय धुवायला लागल्या, पायांना काही लागलेलं नसताना. शेजारच्या राणेकाकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “अगो बाये, पोराबाळांची कहाणी ती, अर्ध्यात टाकायची असते काय? काय सुचलं तुला?” आणि बाया एकेक करून उठल्या. चणे-फुटाणे आणि गुळाचं ताट भरलेलं तसंच राहिलं, दूध आटवलेलं त्याच्यावर साय धरली. कोणी घोट घेतला नाही.

काय सुचलं मला, ते सांगते.

आम्ही तेव्हा घाटकोपरला टेकडीवर राहत होतो. चाळ म्हणायची, पण एकाला एक लागून खोल्या चढत गेलेल्या, खालच्याच्या पत्र्यावर वरच्याचं अंगण. सकाळी स्टोला पंप मारायचा आवाज सगळ्या टेकडीभर एकदम सुरू व्हायचा, मग कोणाचा तरी रेडिओ, मग कारखान्याचा भोंगा, की आमचे हे डबा घेऊन विक्रोळीच्या बाजूला निघाले. सासूबाई तव्यावर घावणे घालायच्या. घावणा उलटताना त्या कधी उलथणं घेत नसत, बोटांनीच कड धरून झटक्यात फिरवायच्या, आणि मी करायला गेले की माझा फाटायचा. “देशावरची ना तू, भाकरी थापूक येता, ह्यां येवचा नाय,” असं म्हणायच्या. माझं माहेर कुर्ल्याचं, मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. हे मालवणी. त्यांची भाषा मला पहिल्या वर्षी निम्मी कळायची नाही, मी नुसती हो हो करायची, आणि माझी ती हो हो ऐकून त्या हसायच्या. वाईट नव्हत्या हो. हे आधीच सांगते, कारण सुनेने सासूबद्दल लिहिलं की वाचणारा पहिल्यापासूनच ठरवून बसतो.

मी नववीत शाळा सोडलेली. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी म्युनिसिपालटीच्या शाळेत दुपारचा बायकांचा वर्ग सुरू झाला, मॅट्रिकला बाहेरून बसायचं त्याचा. यांनी हो म्हटलं, सासूबाई पिंकीला बघते म्हणाल्या, आणि मी जायला लागले. लहान पोरांचे बाक, गुडघे अडकायचे. माझ्या शेजारी शालन बसायची, भटवाडीतली, नवरा बेस्टमध्ये. तिच्या घरी बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि तिला शिकायचंच होतं, मला नुसती घराबाहेर पडायची हौस, पहिल्यांदा तरी. शिकवायला दातेबाई होत्या. मुलुंडहून यायच्या, सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं की वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडम श्रावणातल्या एका शनिवारी येणार, प्रत्येकीने आपला निबंध वाचायचा, आणि त्याच्यावरून कोणाचा फॉर्म मॅट्रिकला भरायचा ते ठरणार. बाकीच्या पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी! माझ्या घरात पुढच्या वर्षी काय असेल कोणाला माहीत, दुसरं मूल असेल, गावची शेती असेल, मला तर वाटायचं की आत्ता नाही तर कधीच नाही.

निबंध म्हणजे मला माहीत होतं, गाईला चार पाय असतात. दातेबाई म्हणाल्या, तसला नको. “तुम्हाला तोंडपाठ असलेली एक गोष्ट घ्या. घरातली, गावची, कुठलीही. त्या गोष्टीबद्दल तुमचं स्वतःचं एक म्हणणं पाहिजे. एका वाक्यात. आणि मग त्या म्हणण्याला पुरावे.”

“पुरावे म्हणजे पोलिसांसारखे?” शालन म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

“अगदी पोलिसांसारखे. आणि पुरावा गोष्टीच्या आतलाच. तुमच्या काकूला काय वाटतं, शेजारीण काय म्हणाली, ते चालणार नाही. गोष्टीतला शब्द जसाच्या तसा उचलून दाखवायचा. आणि तुमच्या विरुद्ध जाणारं एखादं वाक्य असेल तर ते लपवायचं नाही. ते पहिलं घ्यायचं.”

मी सासूबाईंची कहाणी घेतली. त्यांच्या गावची, तळीवरच्या बायची, म्हणजे तळ्याकाठच्या देवीची. थोडक्यात सांगते. एका घरात पुष्कळ सुना. बायच्या व्रताला दर वर्षी एका सुनेने दिवा राखायचा, सूर्य बुडेपर्यंत विझू द्यायचा नाही. थोरल्या सुनांनी राखले, तुडुंब भरलेले दिवे, मावळतीपर्यंत जळले. मग धाकटीची पाळी आली. सासूने तेल घातलं, सून पाणीसुद्धा न पिता दिव्यापाशी बसली. दुपारी तिचं लेकरू भुकेने रडलं, तिने त्याला पाजलं, मान वर करते तर दिवा विझलेला. बाय कोपली, लेकरू घेऊन गेली. सून दारात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, माझी चूक, माझ्या हातून दिवा विझला. मग रानोमाळ हिंडली. शेवटी एका तेलणीने तिच्या तळहातावरचा कणकेचा दिवा काठोकाठ भरून दिला, तो दिवा रात्रभर जळला, उजाडताना बाय प्रसन्न झाली आणि लेकरू परत दिलं. आमच्या घरात बायच्या व्रताच्या शुक्रवारी, श्रावणात, खरोखरच धाकट्या सुनेने दिवा राखायचा असतो. मुंबईत सून मी एकटीच, म्हणून दर वर्षी मीच.

तर माझं पहिलं म्हणणं होतं, सून निष्काळजी होती. बाई म्हणाल्या, पुरावा? मी म्हटलं, दिवा विझला ना. “ते झालं. पण तिने काळजी घेतली नाही हे कुठे आहे?” कुठेच नव्हतं, उलट ती पाणीसुद्धा पीत नाही. मग मी लिहिलं, बाय रागीट आहे. बाई म्हणाल्या, हे म्हणणं नाही, ही तक्रार आहे. मग मी लिहिलं, आईची माया देवीपेक्षा मोठी. हे मला फार आवडलेलं. शालन म्हणाली, “मस्त आहे गं, पण कॅलेंडरवर छापतात तसं वाटतं.” बाईंनी वाचलं आणि नुसतं विचारलं, “तू ही गोष्ट शेवटची नीट कधी ऐकलीस? ऐकलीस म्हणजे, पहिल्यांदा ऐकतो तशी?”

त्यामुळे त्या शुक्रवारी मी दिव्याजवळ बसून कहाणी कान देऊन ऐकत होते. आणि सासूबाई म्हणाल्या, “सासून अर्धी पळी तेल घातल्यान आणि सांगितल्यान, मावळतीपर्यंत राख.” दर वर्षी त्या असंच म्हणायच्या. मी दर वर्षी हूं म्हणायची. त्या दिवशी मात्र डोक्यात काहीतरी लखकन झालं. अर्धी पळी! थोरल्यांचे दिवे तुडुंब, आणि हिला अर्धी पळी, मग तो विझणारच होता की, तिने लेकराला पाजलं असतं नाहीतर नसतं! आणि ते लखकन झालेलं तसंच तोंडातून बाहेर पडलं.

आता हसू येतं. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आजी, असं झालं की कोणीही ओरडेल. पण तिने त्या खोलीतली ती शांतता ऐकलेली नाही.

त्याच संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला पिंकीचं अंग तापलं. मी म्हटलं दात येतायत. यांचा डबा धुवायला घेतला आणि सासूबाईंची हाक आली, हाक कसली, किंचाळीच. पिंकीचे डोळे वर गेलेले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. आकडी. मी आधी कधी बघितली नव्हती, मला वाटलं गेली. मी तिला उचलून अनवाणीच पायऱ्या उतरायला लागले, ओल्या शेवाळलेल्या पायऱ्या, मागून सासूबाई “बाये, बाये, बाये” म्हणत येतायत, ते मला म्हणत होत्या की तळीवरच्या बायला, मला अजून माहीत नाही. खाली डॉक्टरांनी तिला टेबलावर आडवी केली, इंजेक्शन दिलं, ओल्या फडक्याने अंग पुसायला लावलं. थोड्या वेळाने ती रडली. तिचं ते रडणं ऐकून मी तिथेच खाली बसले.

“ताप डोक्यात चढला की लहान पोरांना होतं असं,” डॉक्टर म्हणाले. “घाबरायचं नाही. पण ताप चढू द्यायचा नाही. पुसत राहा.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. घरी आल्यावर यांच्यासमोर म्हणाल्या, “त्या शाळेन हिचा डोकां फिरवल्यान. शाळा बंद. आणि येत्या शुक्रवारी कहाणी ही सांगतली. सुरवातीपासून, त्याच बायकांसमोर. चेडवाक मांडीवर घेवन.” पोरीला, म्हणजे पिंकीला.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, “तू पण ना. एक दिवस गप्प बसायला काय झालं होतं?”

बोलायला तोंड होतं का मला? डॉक्टरांचं पटत होतं, अगदी पटत होतं, आणि तरी पिंकीचं कपाळ पुसताना मी मनात सारखी म्हणत होते, बाये, मी मुद्दाम नाही विचारलं. दोन्ही एकदम मनात असतं. ज्यांच्या मांडीवर तापलेलं लेकरू नसतं त्यांना एक काहीतरी निवडता येतं.

तो आठवडा मी कसा काढला ते मला सांगता येत नाही. ताप उतरायचा, चढायचा. एका हाताने फडकं, आणि दुसऱ्या हाताने, हो, लिहीत होते. शालन वहीचे कोरे कागद घेऊन आलेली. दारातच बसली, आत नको म्हणाली, सासूबाईंचं तोंड बघून. “बाई विचारतायत. शनिवारी मॅडम येतायत, ह्याच शनिवारी. तू नाही आलीस तर नाव कटलं समज.”

“कशी येऊ? बघतेस ना?”

“बघतेय. तुझं म्हणणं सापडलं का पण?”

मी हळूच सांगितलं. दिवा सुनेने विझवला नाही, दिवा विझणारच होता. शालनने पिंकीचा पाय हातात धरलेला, तो तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. “यार,” ती म्हणाली, “आमच्यात ही कहाणी नसते, पण हे मला माझ्या घरातलं वाटतंय. लिही.” मग मी लिहिलं. पहिला पुरावा, अर्धी पळी. दुसरा, थोरल्यांचे दिवे तुडुंब. तिसरा, तेलणीने काठोकाठ भरलेला दिवा रात्रभर जळला, म्हणजे त्याच सुनेच्या हातात, त्याच बाईच्या हातात, भरपूर तेल असलं की दिवा जळतो. हा तिसरा सापडला तेव्हा मी उठून उभी राहिले. आणि मग विरुद्ध जाणारं ते वाक्य. माझी चूक, माझ्या हातून दिवा विझला. ती स्वतःच कबूल करते. तिथे माझी पेन्सिल थांबली. मी खाली लिहिलं, कारण तिला तेलाचं कोणी विचारलंच नाही. पण हे गोष्टीतलं नव्हतं. हे माझं होतं.

बुधवारपासून सासूबाई मला कहाणी शिकवायला बसल्या. कहाणी अशी शिकतात की सांगणारी एक वाक्य म्हणते, शिकणारी तेच म्हणते, शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. पिंकी मध्ये झोपलेली. मी त्यांच्या मागून म्हणत चालले. आणि त्या म्हणाल्या, “सासून पळीभर तेल घातल्यान.”

मी थांबले. “आई, अर्धी पळी ना?”

“पळीभर म्हण.”

“पण दर वर्षी तुम्ही...”

“पळीभर म्हण गो!” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नाही बघितलं, दिव्याच्या कोनाड्याकडे बघितलं. मी म्हटलं, पळीभर. त्यांनी माझा पुरावा काढून घेतला होता, आणि त्या म्हणजे काही लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या नव्हत्या, त्यांना निबंधाचं माहीतही नव्हतं. म्हणजे त्यांनाही ते ऐकू आलं होतं. माझ्या त्या एका ‘अर्धीच?’ने.

शुक्रवारी बाया परत जमल्या. ताट परत भरलं. पिंकीला अजून कणकण होती, मांडीवर तिचं अंग गरम लागत होतं. मी सुरू केलं. हूं. एक घर होतं, हूं, पुष्कळ सुना होत्या, हूं. राणेकाकूंनी डोळे मिटून घेतलेले. तेलापाशी आले, आणि खरं सांगते, मी ठरवलं नव्हतं, कानाला दर वर्षीची सवय, तोंडात “अर्धी पळी” असंच आलं. बाया म्हणाल्या, हूं. कोणाच्या लक्षात आलं नाही! नेहमीचंच होतं ना ते. फक्त सासूबाईंचा हूं आला नाही. मी तशीच पुढे रेटली. लेकरू रडलं, दिवा विझला, बाय कोपली, सून दारात उभी राहिली आणि म्हणाली...

आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

मी प्रयत्न केला. माझी चूक, एवढंच तर म्हणायचं होतं, कहाणीतल्या सुनेने म्हणायचं होतं, मी नाही. पण मांडीवर माझीच पोर तापलेली, समोर त्याच बाया, आणि मला कळलं की मी ते म्हटलं तर ते माझंच होणार, जन्मभर. आणि नाही म्हटलं तर कहाणी दुसऱ्यांदा मोडणार, आणि मग पिंकी... घामाने माझ्या मुठीतले तांदूळ ओले झाले. राणेकाकूंनी डोळे उघडले.

“फुडे सांग,” सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“तां ऱ्हवांदे. फुडे सांग. रानात गेली.”

“रानात गेली,” मी म्हटलं. “हूं,” त्या म्हणाल्या, सगळ्यांच्या आधी, मोठ्याने. आणि कहाणी त्या वाक्याशिवाय पुढे गेली, तेलीण आली, दिवा जळला, लेकरू परत आलं, अक्षता पडल्या. बायांनी दूध प्यालं.

सगळ्या गेल्यावर मी भांडी घासत होते आणि सासूबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या पिंकीला घेऊन. कोणी विचारलेलं नसताना बोलायला लागल्या. “माझो पयलो झील.” पहिला मुलगा. “रांगाक लागलो होतो. गावाक, असोच श्रावण. मी दिवो राखी होतंय. दुपारी विझलो. सांजेक तेका ताप इलो. तिसऱ्या दिसा गेलो.” मी हात धुतला नाही, राखेचा तसाच ठेवला. “म्हातारेन, माझ्या सासून, माका दारात उभा केल्यान, सगळ्या वाडीसमोर. बोल म्हणाली, माझी चूक. मी बोललंय.”

“आई,” मी म्हटलं, “तेल कोणी घातलं होतं?”

“तिनाच. तेल तिच्याच हातात असायचा.”

“किती?”

त्या पुष्कळ वेळ पिंकीचे केस सारखे करत राहिल्या. “माका कोणी विचारूक नाय. मी पण नाय विचारलंय. इतकी वर्सा माझ्याच तोंडान सांगतंय, अर्धी पळी, अर्धी पळी.” मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “उद्या जा तू शाळेक. चेडवाक घेवन मी येतंय वांगडा. परत आकडी इली तर तू, आवस, जवळ होयी.”

तेव्हा मला आठवलं की मी दिवा राखायला बसायचे त्या दिवशी त्या येता-जाता माझ्या दिव्यात तेल घालायच्या. मी नळावर गेले की घालायच्या, परत आले की दिवा काठोकाठ. मला वाटायचं, हिचा माझ्यावर भरवसा नाही.

शनिवारी वर्ग गच्च. मॅडम पुढे खुर्चीवर, चष्मा, समोर नावांचा कागद. सासूबाई शेवटच्या बाकावर, पिंकी त्यांच्या खांद्यावर झोपलेली. माझं नाव आलं. मी वाचलं, धापा टाकत वाचलं, शालन खालून साडी ओढत होती, हळू, हळू. पहिला पुरावा, दुसरा, तिसरा. दातेबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, तिसऱ्याला त्यांनी मान हलवली. मग विरुद्ध जाणारं वाक्य वाचलं, आणि त्याखाली माझं उत्तर, की तिला तेलाचं कोणी विचारलंच नाही, आणि सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं की माणसाला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “छान आहे. म्हणणं फारच छान आहे. पण हे शेवटचं. निर्दोष बाई स्वतःहून कबूल का करेल? तू म्हणतेस, लोक म्हणाले म्हणून. याला काय आधार?”

“गोष्टीत... तसं नाही मॅडम.”

“मग गोष्टीबाहेर? असं कधी कोणाचं झालेलं तुला माहीत आहे? एखादी खरी बाई, की जिने न केलेलं कबूल केलं? एकच सांग. मग मी मान्य करते.” चांगल्या मनाने विचारत होत्या, मला वर काढायलाच विचारत होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. दातेबाईसुद्धा पुढे झाल्या. “सांग ना, आठव.”

मी मागे बघितलं. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. हो नाही, नाही नाही. त्यांचा हात पिंकीच्या पाठीवर होता आणि तोसुद्धा थांबला होता. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे. मला नुसतं बोट करायचं होतं. त्यांनी मला ते सांगितलं होतं मोरीच्या उंबऱ्यावर, यांनासुद्धा माहीत नव्हतं, आणि मी ते इथे, भरल्या वर्गात, परक्या बाईसमोर, माझ्या फॉर्मसाठी?

“नाही मॅडम,” मी म्हटलं. “माहीत नाही.”

“मग पुरावा अपुरा आहे,” त्या म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्या वर्षी शालनचा फॉर्म भरला गेला, माझा नाही. पुढच्या वर्षी माझा मुलगा प्रकाश पोटात होता. मॅट्रिक मी झालेच नाही.

त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी टेकडी चढत होतो. पिंकी जागी झाली होती, ताप उतरलेला, हात पसरून मला बोलावत होती. सासूबाई अर्ध्या पायऱ्यांवर थांबल्या, दम लागला म्हणून, आणि म्हणाल्या, “ती चष्मेवाली बाय इतक्यांदा विचारी होती. माझा कित्याक सांगलंस नाय?”

“तुमचं होतं ते, आई.”

“माझा होता म्हणानच सांगूचा होता.” पिंकीला माझ्याकडे दिलं आणि त्या पुढे चढायला लागल्या. “कोणी एकान तरी ऐकला असता.”

मी तिथेच उभी राहिले, पोर कडेवर घेऊन. त्या तर वर पोचल्यासुद्धा. त्यांनी वर्गात एकदा मान हलवली असती, नुसती इकडची तिकडे, तर मला कळलं असतं. पण इतकी वर्षं जिला कोणी विचारलं नाही ती मान तरी कशी हलवणार, हे मला आता कळतं, तेव्हा कळलं नाही. की तेव्हा गप्प बसले तेच बरोबर होतं? मी हे दोन्ही बाजूंनी पुष्कळदा मांडून बघितलं, दातेबाईंनी शिकवलं तसं, आणि दोन्हीकडे पुरावे सारखेच भरतात. तुम्ही सांगा. शेवटच्या बाकावर ती तुमच्याकडे बघत बसली असती, तर तुम्ही काय केलं असतंत?